‘द’ एकच, ऐकणारे तीन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे गुरुचरित्राच्या सप्ताहाची लगबग सुरू होते. पारायणाला बसणारे वेगळे, सुंठवड्याची तयारी करणारे वेगळे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून गप्पा मारणारे आम्ही निवृत्त लोक वेगळे. अशाच गप्पांत दर वर्षी एक प्रश्न निघतो. महाराजांचे वचन असते चार-पाच शब्दांचे. अर्थ मात्र जितकी माणसे तितके निघतात. मग खरा कोणता?

प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. आजकाल वचने कुठे नाहीत? रिक्षाच्या मागे आहेत, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आहेत, कॅलेंडरवर आहेत आणि सकाळी सहाला मोबाईल उघडला की दहा जणांनी पाठवलेली आहेत. ‘श्रद्धा आणि सबुरी’ हे दोन शब्द. ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ हे अक्कलकोट स्वामींच्या नावाने घरोघरी लावलेले वचन. आपण रोज त्यांच्यापुढे हात जोडतो. पण त्यांचा अर्थ आपण लावतो कसा, याचा विचार फारसा करत नाही. मी काही शास्त्री नाही. बँकेत कारकुनी केली, त्याआधी कॉमर्स शिकलो. तरी वाचलेले आणि पाहिलेले थोडे मांडतो. चुकभूल महाराज सांभाळून घेतील.

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर मला बृहदारण्यक उपनिषदात सापडले. पाचव्या अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे. देव, मानव आणि असुर ही तिन्ही प्रजापतीची लेकरे. तिघेही बापाकडे ब्रह्मचर्याने राहिले आणि शेवटी म्हणाले, आता आम्हाला उपदेश करा. प्रजापतीने आधी देवांना एकच अक्षर सांगितले, ‘द’. आणि विचारले, समजले का? देव म्हणाले, समजले, आपण सांगता ‘दाम्यत’, म्हणजे स्वतःला आवरा. प्रजापती म्हणाला, बरोबर. मग मानव आले. त्यांनाही तेच अक्षर, ‘द’. मानव म्हणाले, समजले, आपण सांगता ‘दत्त’, म्हणजे द्या. तेही बरोबर. शेवटी असुर आले. पुन्हा ‘द’. ते म्हणाले, आपण सांगता ‘दयध्वम्’, म्हणजे दया करा. तेही बरोबर ठरले. आकाशात मेघ गडगडतो तेव्हा तो हेच ‘द, द, द’ म्हणत असतो, असे उपनिषद सांगते.

पहिल्यांदा वाचताना वाटते, बघा, म्हणजे ज्याला जो अर्थ आवडेल तो त्याने घ्यावा. पण गोष्ट तसे सांगत नाही. नीट पाहा. देव भोगात राहणारे, त्यांना संयमाची उणीव. त्यांनी अर्थ काढला तो संयमाचा. माणूस मुळात साठवणारा, मूठ न उघडणारा. त्याने अर्थ काढला तो देण्याचा. असुर क्रूर. त्यांनी अर्थ काढला दयेचा. म्हणजे प्रत्येकाने आपल्याला सोयीचा अर्थ घेतला नाही, आपल्यात जे कमी आहे त्याचा अर्थ घेतला. असुरांनी ‘द’ म्हणजे ‘दरडावा’ असे म्हटले असते तर? अक्षर तर तेच होते! पण ते म्हणाले नाहीत. गुरूच्या घरी राहून आपला दोष त्यांना ठाऊक झाला होता. अक्षर कानावर पडले आणि तो दोषच आतून बोलला.

दुसरी गोष्ट. एकाने दुसऱ्याचा अर्थ काढला नाही. देव असे म्हणाले नाहीत की ‘द’ म्हणजे असुरांनी दया करावी. वचन ज्याने ऐकले त्याने ते स्वतःला लावून घेतले.

तिसरी गोष्ट अशी की अर्थ काढून ते तसेच निघून गेले नाहीत. तो गुरूपुढे मांडला. ‘समजले का’ हा प्रश्न गुरूने विचारला, शिष्यांनी उत्तर दिले आणि गुरूने होकार दिला, मगच उपदेश पुरा झाला.

शंकराचार्यांनी या गोष्टीवरील भाष्यात म्हटले आहे की देव आणि असुर कुठे बाहेर शोधायला नकोत. माणसांतच हे तिन्ही प्रकार आहेत. म्हणून तिन्ही उपदेश आपल्यालाच आहेत. मला तर एका दिवसात तिन्ही लागू पडतात. सकाळी गोड समोर आले की पहिला, दुपारी दारात कुणी मागायला आले की दुसरा आणि संध्याकाळी सुनेच्या हातून काही सांडले की तिसरा.

आपल्या दत्तसंप्रदायाला यात एक गोड योग आहे. माणसांच्या वाट्याला जो शब्द आला तो ‘दत्त’. उपनिषदातला ‘दत्त’ म्हणजे ‘द्या’, ही आज्ञा. आपल्या देवाच्या नावातला ‘दत्त’ म्हणजे ‘दिलेला’. अत्री-अनसूयेला देवाने स्वतःलाच देऊन टाकले, म्हणून तो दत्त आणि अत्रीचा पुत्र म्हणून आत्रेय. व्याकरणात ही दोन वेगळी रूपे आहेत, पण लिहिताना, बोलताना अक्षरे तीच. आपण ‘श्री गुरुदेव दत्त’ म्हणतो तेव्हा पहिला अर्थ आपोआप मनात येतो, की देव मला मिळाला आहे. दुसरा अर्थ, की आता मी द्यायचे आहे, तो सहसा येत नाही. माणसाने ‘द’ ऐकून जो अर्थ काढला होता, नेमका तोच आपण नाव घेताना विसरतो.

आता चोवीस गुरूंकडे या. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांनी त्यावर मराठीत विस्ताराने लिहिले आणि 1573 साली काशीत ते पूर्ण केले. त्यांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी मोठे दत्तभक्त, हे आपण जाणतोच. या चोवीस गुरूंत पृथ्वी, वायू, आकाश आहे, कबूतर आहे, अजगर आहे, मधमाशी आहे, कोळी आहे. यांतल्या एकानेही अवधूताला उपदेश केला नाही. सगळे आपापले काम करत होते. अर्थ काढला तो अवधूताने.

मधमाशीचेच पाहा. एकाच मधमाशीकडून त्याने दोन धडे घेतले. ती प्रत्येक फुलातून थोडे थोडे घेते, फुलाला इजा करत नाही, तसे भिक्षा मागणाऱ्याने एका घरावर भार घालू नये. हा एक. आणि ती मध साठवते म्हणून शेवटी मधासकट नाश पावते, तसे साठवू नये. हा दुसरा. एकाच जिवाकडून एक गोष्ट घ्यायची आणि एक टाकायची. पाहणाऱ्याजवळ विवेक असला की असे होते.

विवेक नसला तर काय होते, ते अजगरावरून कळते. अजगर आपणहून मिळेल ते खातो, नाही मिळाले तर तसाच पडून राहतो. अवधूताने यातून शिकले ते समाधान. पण आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत (नाव सांगत नाही, तेही हा अंक वाचतात). घरात मुलगी लग्नाची, हातात चांगले कसब, पण काम शोधायला जा म्हटले की म्हणतात, ‘अहो, दत्तप्रभूंनी अजगराला गुरू केलं, आपण कोण?’ अवधूताच्या मागे संसार नव्हता. त्याने अजगरापासून घेतले ते पोटाची हाव सोडणे. यांनी घेतले ते अंथरूण न सोडणे.

तसेच कुमारिकेच्या बांगड्यांचे. घरी पाहुणे आलेले, ती आत भात कांडत होती. बांगड्या वाजू लागल्या म्हणून तिने एकेक कमी करत हातात एकेकच ठेवली. अवधूत म्हणतो, पुष्कळ असले की भांडण, दोन असले की बोलणे, म्हणून एकटे राहावे. हा संन्याशाला धडा. गृहस्थाने हा अर्थ घरी सौभाग्यवतींना सांगून पाहावा, मग कळेल! आपण गृहस्थांनी त्याच गोष्टीतून दुसरे घ्यायचे. घरातली ओढाताण पाहुण्याच्या कानावर जाऊ नये म्हणून ती मुलगी जपली. वचन तेच, पण ते संन्याशाला सांगितले की संसारी माणसाला, हे पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये.

बँकेत असताना वचनाचा अर्थ दुसऱ्यावर ढकलण्याचा एक नमुना पाहिला. एका दुकानदाराचे कर्जाचे हप्ते थकले होते. वसुलीसाठी आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. मागे भिंतीवर बाबांची तसबीर, खाली ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’. तो हात जोडून म्हणाला, ‘साहेब, बाबांनीच सांगितलंय, सबुरी ठेवा.’ आम्हाला हसू आवरेना. पण बाहेर आल्यावर विचार केला. पाटी त्याच्या दुकानात, रोज उदबत्ती तो लावतो आणि सबुरी ठेवायची ती बँकेने! तीच सबुरी त्याने स्वतः दुसरे दुकान घ्यायच्या आधी ठेवली असती तर हप्ते थकले नसते. देवांनी असुरांसाठी अर्थ काढला नाही, हे मी वर लिहिले ते अशा वेळी आठवते.

आता थोडे घरचे सांगतो, कारण वचनाचा अर्थ हा नेहमी गप्पांचाच विषय असतो असे नाही. काही वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण, आमची अक्का, न्हाणीघरात घसरली. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी सांगितले, शस्त्रक्रिया लवकर करावी लागेल, या वयात अंथरुणाला खिळून राहिले तर छातीत कफ, अंगाला जखमा, एकेक सुरू होते. पण वयामुळे भुलीचा धोकाही आहे. संमतीपत्र पुढे ठेवले. आणि माझे दोन भाचे, दोघेही स्वामीभक्त, व्हरांड्यात भांडू लागले.

थोरला म्हणाला, ‘मामा, स्वामी पाठीशी आहेत ना? मग कापाकापी कशाला? घरी नेऊ, अंगारा लावू, होईल बरं.’ धाकटा म्हणाला, ‘दादा, स्वामी पाठीशी आहेत म्हणूनच तर सही करायची. भिऊ नकोस म्हणतात ते याचसाठी.’ दोघांच्याही खिशात तीच छोटी तसबीर, तेच वचन. आणि निर्णय त्यांच्या आईच्या जिवाचा.

थोरल्याला हसू नका. त्याचे वडील असेच शस्त्रक्रियेला आत गेले आणि परत आले नाहीत. तेव्हा तो कॉलेजात होता, सही त्यानेच केली होती. वचनाच्या आडून त्याची ती जुनी जखम बोलत होती. माणूस अर्थ काढतो तेव्हा पुष्कळदा असे होते. आपल्याला वाटते आपण वचन वाचतोय, आणि आपण आपली भीती वाचत असतो.

मी दोघांना एवढेच विचारले, ‘अरे, भिऊ नकोस हे आत्ता कोणाला सांगायचंय? पलंगावर आहे तिला. तिला विचारलंत का?’ कोणी विचारले नव्हते. आत गेलो. अक्का कळ सोसत पडली होती, पण शुद्ध लख्ख. सगळे ऐकून म्हणाली, ‘स्वामी पाठीशी आहेत म्हणतात ना? पाठीशी म्हणजे मागं. मग पुढं चालायचं ते कोणी? मीच ना? मला चालायचंय बाबा. करा सही.’

आयुष्यभर ते वचन मी वाचत आलो होतो, पण ‘पाठीशी’ या शब्दाकडे असे पाहिले नव्हते. स्वामी ‘मी तुझ्या पुढे आहे, तू बसून राहा’ असे म्हणत नाहीत. पाठीशी आहेत, म्हणजे पाऊल आपले, आधार त्यांचा. मुलगा सायकल शिकतो तेव्हा बाप मागून धरतो, पायडल मुलानेच मारायचे असते.

शस्त्रक्रिया झाली. अक्का वॉकर घेऊन देवघरापर्यंत जाऊ लागली. सही करायला नको म्हणणारा थोरलाच रात्री तिच्या उशाशी बसायचा. पण इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अक्का बरी झाली म्हणून तिचा अर्थ खरा ठरला, असे मी मानत नाही. उद्या वेगळे घडले असते तरी तिचा अर्थ तितकाच खरा राहिला असता. फळावरून वचनाचा अर्थ ठरवू लागलो तर काम झाले की महाराज खरे, नाही झाले की वचन खोटे, असा व्यवहार होईल. ती भक्ती नव्हे, तो सौदा झाला.

मग अर्थ बरोबर की चूक, हे ओळखायचे कशावरून? गुरू आज देहात नाहीत. अक्कलकोट स्वामींनी 1878 साली देह ठेवला. नृसिंहसरस्वती गाणगापुराहून श्रीशैलाकडे निघून गेले त्याला कैक शतके झाली. प्रजापतीसारखे ‘समजले का’ म्हणून विचारणारा समोर नाही. बँकेत आम्हाला एक सवय होती. चेकवर अक्षरी रक्कम एक आणि अंकी रक्कम दुसरी असली तर 1881 च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरायची. पण काउंटरवर आम्ही आपल्या मनाने रक्कम ठरवत नसू. चेक परत, ज्याने लिहिला त्याच्याकडून दुरुस्त करून आणा. वचनाचेही तसेच. शंका आली की आपल्या मनाने आकडा भरायचा नाही, ज्याचे वचन त्याच्याकडे जायचे. महाराज देहात नसले तरी त्यांचे चरित्र आहे. काढलेला अर्थ त्या चरित्रात बसतो का, ते पाहायचे.

गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला नरहरी आठवा. अंगावर कोड, लोकांनी टाकलेला. महाराजांनी त्याला औदुंबराचे वाळके लाकूड दिले आणि सांगितले, संगमावर रोव आणि पाणी घाल. लोक हसले, वाळक्या लाकडाला पालवी कशी फुटेल? तो पाणी घालत राहिला. मग महाराजांनी कृपा केली. सत्तेचाळिसाव्या अध्यायातला शेतकरी आठवा. महाराजांच्या शब्दाखातर उभे पीक कापले. पण कापण्याआधी अधिकाऱ्याला द्यायचे धान्य त्याने स्वतःच्या अंगावर घेतले, हे आपण वाचताना चटकन ओलांडून जातो. श्रद्धा त्याची होती, तर जोखीमही त्यानेच उचलली, दुसऱ्याचे देणे बुडवले नाही. दोन्ही कथांत कृपा महाराजांची, पण घागर नरहरीच्या खांद्यावर आणि विळा शेतकऱ्याच्या हातात. तेव्हा जो अर्थ माझ्या हातातली घागर काढून घेतो, तो गुरुचरित्रात बसत नाही.

आणखी एक इशारा वडीलधाऱ्यांसाठी देतो. मोघम बोलणारे दुसरेही असतात. ‘तुमच्या घरात एका व्यक्तीला त्रास आहे’, ‘तुम्ही दुसऱ्यासाठी पुष्कळ केलंत पण यश नाही मिळालं’. अहो, हे कोणत्या घराला लागू नाही? मुंबईपासून गोंदियापर्यंत कोणालाही सांगा, तो म्हणेल, अगदी बरोबर ओळखलंत! हेही वाक्य छोटे, हेही अर्धवट, अर्थ ऐकणाराच भरतो. मग सद्गुरूच्या वचनात आणि यात फरक काय? फरक असा की सद्गुरू वचन मोकळे ठेवतो ते आपल्याला विचार करायला जागा राहावी म्हणून, आणि हे लोक मोकळे ठेवतात ते उद्या स्वतःला पळायला जागा राहावी म्हणून. सद्गुरूच्या वचनाने भीती कमी होते आणि काम वाढते. यांच्या बोलण्याने भीती वाढते आणि खर्च वाढतो. ज्या बोलण्याच्या शेवटी पाकीट उघडावे लागते, तिथे थोडे थांबा, घरात विचारा.

शेवटी एक सुचवतो. कॉमर्सच्या पहिल्या वर्षी खाते लिहिण्याचा नियम शिकवतात. घेणाऱ्याच्या नावे लिहायचे, देणाऱ्याच्या जमा. आपण महाराजांचे वचन घेतो तेव्हा ते आपल्या खात्यावर नावे पडते. म्हणजे आपण देणे लागतो. या दत्तजयंतीला एकच वचन निवडा, जे आपल्याला सर्वांत प्रिय आहे. वहीत वर ते लिहा. खाली लिहा, यातून मला काय मिळाले. हे पटकन लिहून होईल. मग लिहा, यातून मी काय द्यायचे ठरते. धीर, पैसा, वेळ, की कोणाशी धरलेला अबोला सोडणे. इथे पेन अडेल. जिथे अडेल तिथेच आपला ‘द’ आहे असे समजा.

माणसांना प्रजापतीने जो शब्द दिला तो आपण रोज देवाचे नाव म्हणून घेतो. नाव घेताना त्याचे दोन्ही अर्थ मनात असोत, एवढेच मागणे त्याच्या चरणी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥